कुणाच्या तरी आईने लावलेलं जंगल

टॉर्फहाउसला बसमधून उतरलं की रस्त्यापलीकडे थेट ब्रोकन दिसतो. हार्ट्स डोंगरातलं सगळ्यात उंच शिखर, ११४१ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा बरंच कमी, पण उत्तर जर्मनीच्या सपाट मुलखात राहणाऱ्यांना तेवढाच एक डोंगर, त्यामुळे त्याचं कौतुक भारी. मागच्या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते तेव्हा त्यांना तिथे घेऊन गेले. समोर नॅशनल पार्कचा एक माहितीचा बोर्ड आहे आणि बाबांना बोर्ड दिसला की तो वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आयुष्यभर मास्तरकी केलेला माणूस, त्यामुळे मी एकेक वाक्य मराठीत सांगत होते. की बघा, स्प्रूसचं, म्हणजे सुईसारख्या पानांचं, झाड इथे आपसूक वाढतं ते फक्त वरच्या थंड पट्ट्यात, खालच्या उतारांवर खरं तर बीचचं, म्हणजे रुंद पानांच्या पानगळी झाडांचं, जंगल असायला हवं, स्प्रूस माणसांनी लावले, दुष्काळ पडला, कीड लागली, ते टिकले नाहीत, आता इथे आम्ही निसर्गाला त्याचं काम करू देतोय. शेजारच्या बाकावर एक आजोबा कुत्र्याला घेऊन बसले होते. कुठली भाषा, कुठून आलात, नेहमीचं सगळं विचारून झालं. मग त्यांनी काठीने खालच्या उताराकडे दाखवलं, जिथे नुसते करडे बुंधे उभे होते, आणि म्हणाले, तिकडची माझ्या आईने लावली होती, युद्धानंतर. एवढंच. कुत्र्याचा पट्टा ओढला, आई-बाबांना मान लववून नमस्कार केला आणि गेले.

काय म्हणाले ते, बाबांनी विचारलं. मी सांगितलं. त्यानंतर बाबा बराच वेळ गप्प होते.

तेव्हापासून हे माझ्या डोक्यातून जात नाहीये. बोर्डावरचं सगळं खरं आहे, मी गेली काही वर्षं या विषयावर मिळेल ते वाचलंय, त्यात खोट काढण्यासारखं काही नाही. आणि आजोबांचं वाक्यही खरंच. पण दोन्ही एकत्र ठेवली की नीट बसत नाहीत, कुठेतरी टोचतं. इथे 'चुकीचं' जंगल होतं असं म्हणायचं, तर मग त्या बाईच्या हातांचं काय करायचं?

मी ब्राउनश्वाइगला राहायला आले तेव्हा हार्ट्स अजून हिरवा होता. बाड हार्ट्सबुर्गची ट्रेन पकडली की पाऊण तासात डोंगराच्या पायथ्याशी, त्यामुळे पहिल्या वर्षी जमेल तेव्हा जायचे, बहुतेक वेळा एकटीच. तेव्हाचं ते जंगल म्हणजे आत शिरलं की संध्याकाळ. भर दुपारी. खाली सुयांचा जाड थर, पाऊल टाकलं तरी आवाज नाही, दगडांवर, मुळांवर, सगळीकडे शेवाळ, आणि डिंकाचा तो थंड वास जो घरी आल्यावरही जॅकेटला राहायचा. झाडं एका उंचीची, एका वयाची, ओळीत. आत फुलं जवळजवळ नाहीतच, पाखरंही कमी. हे आता कळतं, तेव्हा मला ते फार गूढ आणि जुनंपुराणं वाटायचं. घराची आठवण यायची ना, ती तिथे जरा कमी यायची. कोकणातल्यासारखं तिथे काहीच नव्हतं, बहुधा म्हणूनच.

मग जानेवारी २०१८ मध्ये फ्रीडरीके नावाचं वादळ आलं आणि त्याने झाडांचे पट्टेच्या पट्टे आडवे केले. त्याच वर्षी पाऊस पडला नाही. १९ ला नीट नाही, २० ला नाही. स्प्रूसची मुळं वरवरची, पाणी खोल गेलं की त्याला मिळतच नाही, आणि पाणी नसेल तर डिंक तयार होत नाही, आणि डिंक हेच त्याचं हत्यार. सालीखाली राहणारा एक भुंगा असतो, तांदळाच्या दाण्याएवढासुद्धा नाही, तो साल पोखरून आत शिरायला लागला की धडधाकट झाड डिंकाचा लोट सोडून त्याला तिथेच बुडवतं. तहानलेलं झाड काय करणार. शिवाय आत शिरलेला भुंगा असा वास सोडतो की बाकीचे हजारोंनी तिथे येतात. पडलेल्या झाडांवर त्यांची पैदास झाली आणि तिथून ते उभ्या झाडांवर गेले. आणि जंगल सगळं एकाच जातीचं, एकाच वयाचं, म्हणजे मध्ये कुणी अडवणाराच नाही. दोन-तीन वर्षांत डोंगरच्या डोंगर आधी तांबूस झाले, मग करडे. माझ्या डोळ्यांदेखत झालं हे. दर वेळी गेलं की रेषा वर सरकलेली असायची.

सालीचा एक तुकडा माझ्या टेबलावर आहे, पार्कच्या हद्दीबाहेर लाकूडतोड झालेल्या ठिकाणी रस्त्यावर पडला होता तो. बाहेरून खरखरीत, खवले सुटलेले, काही विशेष नाही. उलटा केला की आत कोरीव काम. मधोमध एक सरळ उभा बोगदा, मादीने पोखरलेला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आडव्या बारीक वाटा, अगदी माशाच्या काट्यासारख्या. प्रत्येक वाट सुरुवातीला दोऱ्याएवढी आणि पुढे पुढे रुंद होत जाते, कारण आतली अळी खात खात मोठी होत जाते, आणि शेवटी एक छोटा गोल खळगा, तिथे तिचा कोश. बोट फिरवलं की त्या वाटा लागतात, भुसा अजून भरलेला असतो काही ठिकाणी. इतकी सुबक गोष्ट आणि याने एवढा डोंगर मेला, हे मनाला एकदम झेपत नाही. बाबांनी तो तुकडा चष्मा वर करून किती तरी वेळ पाहिला, आईने हात लावला नाही.

आता लोक म्हणतात स्प्रूस लावलेच कशाला. लावले खाणींसाठी. हार्ट्स म्हणजे मुळात खाणींचा मुलूख, गोस्लारजवळच्या रामेल्सबेर्गमध्ये हजारावर वर्षं चांदी, तांबं, शिसं, जस्त निघालं, १९८८ मध्ये ती खाण बंद झाली आणि १९९२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली, गोस्लार गावासकट. आई-बाबांना मी आत घेऊन गेले होते. डोक्यावर हेल्मेट, बाहेर ऊन आणि आत हाडात जाणारा गारवा, भिंतींवर पाण्याने उतरलेले क्षार, हिरवे, निळे, गंजासारखे पिवळे, आणि अंधारात, डोंगराच्या पोटात, भलंमोठं लाकडी पाणचक्र. नुसतं धातू खणून भागत नव्हतं. खडक तडकवायला त्याच्यासमोर लाकडाचे ढीग पेटवायचे, धातू वितळवायला कोळसा, बोगदे धरून ठेवायला खांब, चक्रं लाकडाची, शिड्या लाकडाच्या. जुनं बीचचं आणि मिश्र जंगल यात खलास झालं. स्प्रूस पटकन वाढतो, सरळ वाढतो, म्हणून स्प्रूस. आणि खाणकामगारांना तो खांबासाठी आवडायचा त्याचं एक कारण गाइडने सांगितलं ते ऐकून अंगावर काटा आला, हे लाकूड एकदम मोडत नाही, आधी करकरतं. म्हणजे वर डोंगर खचायला लागला की खांब ओरडतात आणि माणसाला पळायला वेळ मिळतो. किती जणांचे जीव त्या करकरीने वाचले असतील. चुकीचं झाड म्हणताना हे पण आठवायला हवं ना.

पाण्याचंही तसंच. चक्रं फिरवायला पाणी हवं, म्हणून या लोकांनी वरच्या हार्ट्समध्ये शंभराहून जास्त तळी बांधली, शेकडो किलोमीटरचे चर खणले, डोंगराच्या या कुशीतून त्या कुशीत पाणी नेणारे बोगदे काढले. २०१० पासून हेही वारसा यादीत आहे. टॉर्फहाउसजवळ ओडरटाइख नावाचं तळं आहे, १७१५ ते १७२२ मध्ये ग्रॅनाइटचे चिरे रचून त्याचा बंधारा बांधला आणि पुढे दीडशेहून जास्त वर्षं जर्मनीत त्याच्याएवढं धरण नव्हतं. उन्हाळ्यात लोक त्यात पोहतात. पाणी चहाच्या रंगाचं, कारण ते दलदलीतून येतं, हातात घेतलं तर स्वच्छ आणि खाली बघितलं तर काळंभोर. आईने पाय सोडले आणि दोन मिनिटांत बाहेर काढले. या चरांच्या कडेने चालायच्या वाटा आहेत, जवळजवळ सपाट, गुडघे दुखणाऱ्यांनाही जमतात, आणि शेजारून पाणी तुमच्याबरोबर चालत असतं. मला विचाराल तर हार्ट्समधली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच, पण पोस्टकार्डवर येते ती आगगाडी.

आगगाडी आईसाठी. वेर्निगेरोडेहून ब्रोकनच्या माथ्यापर्यंत मीटर गेजवर वाफेची गाडी जाते, बहुतेक इंजिनं १९५० च्या दशकातली, वर पोचायला पावणेदोन तास लागतात. आईचं लहानपण मिरजेत गेलं, रेल्वेच्या रुळांपलीकडे घर, त्यामुळे इंजिनाची शिट्टी झाली तशी ती डब्याच्या बाहेरच्या मोकळ्या ओट्यावर जाऊन उभी राहिली आणि वर पोचेपर्यंत आत आलीच नाही. कोळशाचे कण केसात, डोळ्यात, पण नाही म्हणजे नाही. मोठ्या वळणावर पुढचं इंजिन दिसायचं, धूर मागे यायचा, आणि दोन्ही बाजूंना मेलेली झाडं, किलोमीटरच्या किलोमीटर. बाकीचे प्रवासी इंजिनाचे फोटो काढत होते आणि झाडं फ्रेममध्ये आली की जरा थांबत होते. आई म्हणाली, कुणी मेलं असलं की घरात अशी उभी असतात माणसं. मग म्हणाली, पण खाली बघ, खाली हिरवं आहे.

ब्रोकनवर झाडं तशीही कमीच, माथा उघडा, वारा असा की १९८४ मध्ये ताशी २६३ किलोमीटर मोजला गेलाय, आणि वर्षातले तीनशेच्या आसपास दिवस थोडं तरी धुकं असतंच. आम्हाला ऊन मिळालं म्हणजे नशीबच. लोक तिथे चेटकिणींच्या गोष्टींसाठी येतात, ३० एप्रिलच्या रात्री त्या इथे नाचायला जमतात म्हणे, खालच्या प्रत्येक दुकानात झाडूवर बसलेल्या बाहुल्या टांगलेल्या असतात. जर्मन कवी गटे डिसेंबर १७७७ मध्ये बर्फातून इथे चढला होता, टॉर्फहाउसच्या वनरक्षकाने त्याला वाट दाखवली, म्हणून त्या वाटेला त्याचं नाव. मला मात्र तिथे गेलं की दुसरीच गोष्ट आठवते. १९६१ पासून १९८९ पर्यंत हा माथा बंद होता. पूर्व जर्मनीच्या हद्दीत, पण पूर्वेच्या सामान्य माणसालाही वर यायला परवानगी नाही, वर रशियन सैन्य, स्टासीचे, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचे, पश्चिमेकडचं बोलणं ऐकणारे अँटेना आणि माथ्याभोवती काँक्रीटची भिंत. टॉर्फहाउसच्या बाकावरून पश्चिमेकडचे लोक अठ्ठावीस वर्षं हा डोंगर नुसता बघत होते. ३ डिसेंबर १९८९ ला पूर्वेकडचे खूप लोक थंडीत चालत वर आले, दार उघडा म्हणाले आणि दार उघडलं. आता तिथे वाटाण्याचं सूप मिळतं, लोक वाऱ्याकडे पाठ करून ते पितात, आईने मात्र डब्यातले धपाटे काढले.

हे सगळं बघताना बाबांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं, ते मला रात्री कळलं. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. ऐंशीच्या दशकात सामाजिक वनीकरणाची रोपं यायची तेव्हा बाबा गावच्या शाळेत नवीन होते, आणि शाळेमागचा बोडका सडा हिरवा करायचा म्हणून त्यांनी सगळ्या वर्गांना कामाला लावलं होतं. अकेशिया आणि गिरिपुष्प. पोरं डालड्याच्या डब्यांनी पाणी घालायची, खालच्या व्हाळातून आणून. अकेशियाला गुरं तोंड लावत नाहीत म्हणून ती जगली, भराभर वाढली, आणि आमच्या लहानपणी तो 'मास्तरांचा डोंगर' होता, माझी भारी ऐट असायची त्यावरून. आता सगळीकडे लिहून येतं की अकेशिया लावायला नको होती, परदेशी झाड, खाली पानांचा एवढा जाड थर की गवत उगवत नाही, पक्षी बसत नाहीत. बाबा हे सगळं वाचतात. स्वतःच कात्रणं काढून ठेवतात. त्या रात्री जेवताना म्हणाले, त्या म्हाताऱ्याची आई काय वेगळं करत होती, जे हातात दिलं ते लावलं. आणि मग म्हणाले, उघड्या डोंगराकडे बघवत नाही गं.

ती आई म्हणजे नक्की काय करत होती हे मी नंतर शोधून वाचलं. युद्ध संपल्यावर हा पश्चिमेकडचा हार्ट्स ब्रिटिशांच्या ताब्यात होता आणि नुकसानभरपाई म्हणून त्यांनी इथली जंगलं सपाट तोडून लाकूड नेलं, शिवाय थंडीत गारठणारे लोक सरपणासाठी मिळेल ते तोडत होते. डोंगर उघडे पडले. तेव्हा ते परत लावले ते मुख्यतः बायकांनी. पुरुष मेलेले, जखमी किंवा कैदेत. निर्वासित होऊन आलेल्या बायका, विधवा, गावातल्या पोरी, हातात एक कुदळीसारखं अवजार, घाव घालायचा, माती उचकटायची, रोप ठेवायचं, टाचेने दाबायचं, एक पाऊल पुढे. चढावर, पावसात, दिवसभर. पन्नास पफेनिगच्या जुन्या नाण्यावर गुडघ्यावर बसून रोप लावणारी एक बाई आहे, युरो येईपर्यंत ते नाणं प्रत्येकाच्या खिशात होतं, लोक तिच्यात याच बायका बघतात. नाण्यावर ती ओकचं रोप लावतेय. इथल्या बायकांच्या हातात आलं ते बहुतेक स्प्रूसचं, कारण बियाणं त्याचं मिळत होतं, ते उघड्यावर तगतं आणि देशाला लाकूड लवकर हवं होतं.

आता पार्कच्या हद्दीत ही मेलेली झाडं बहुतेक ठिकाणी तोडत नाहीत. १९९० आणि १९९४ साली दोन बाजूंना दोन राज्यांनी केलेले पार्क २००६ मध्ये एक झाले आणि तेव्हापासून पार्कच्या बऱ्याच मोठ्या भागात निसर्गाला निसर्ग राहू द्यायचं हे धोरण आहे. रस्त्याच्या, रुळांच्या कडेची धोक्याची झाडं काढतात, बाकी उभं ते उभं, पडलं ते पडलं. पार्कच्या बाहेर मात्र मोठ्या मशिनी लावून सगळं साफ केलंय, तिथे नुसती खोडकी आणि चिखलातल्या चाकोऱ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये आणि परत २०२४ मध्ये ब्रोकनच्या बाजूला आगी लागल्या, विमानं-हेलिकॉप्टरांनी पाणी टाकावं लागलं, तेव्हा खालच्या गावांतून संताप उसळला की हे सरपण तुम्ही मुद्दाम ठेवलंय. भीती खोटी नाहीये, ज्यांचं घर पायथ्याशी आहे त्यांना विचारा. पण अभ्यासक हेही सांगतात की जाड बुंधे पडून भिजतात, पाणी धरतात, सहज पेटतं ते सुकं गवत आणि बारीक काटक्या. मला यातलं कळायला वेळ लागला आणि कळलं ते आमच्या राईमुळे.

ग्रामदेवतेची राई आमच्या वाडीपासून दहा मिनिटांवर. तिथलं काही तोडायचं नाही हे तर झालंच, पण पडलेलं लाकूडसुद्धा उचलायचं नाही, वाळकी काटकीही नाही, आजी तर चपला बाहेर काढायला लावायची. पावसाळ्यात एकदा मोठा बेहडा पडला होता, बुंधा माझ्या छातीएवढा उंच. माझ्या सगळ्या शाळेच्या वर्षांत तो तिथे पडून होता. आधी त्यावर अळंब्या आल्या, मग शेवाळ, मग एके वर्षी त्याच्या पोटातून रोपं वर आली, गारंबीची वेल त्याच्यावरून पलीकडे गेली. कुणाला त्यात लाकूड वाया गेलं असं वाटलं नाही, देवाचं ते देवाकडे. तेच इथे चालू आहे, फक्त देव नाही, कायदा आहे. आणि राई कुणी बाईने कुदळ घेऊन लावलेली नव्हती, हा फरक उरतोच.

आई-बाबा परत गेल्यावर मी पुन्हा एकटी गेले, ब्रोकनची मोठी वाट सोडून खालच्या एका जुन्या उतारावर. जवळून बघायचं होतं. वरून करडा दिसणारा डोंगर आत गेलं की करडा नाहीच. बुंध्यांची साल गळून गेलीये, आतलं लाकूड चांदीसारखं गुळगुळीत, उन्हात तापतं तेव्हा हात लावला तर उबदार. वारा आला की पूर्वीसारखी घूं नाही, कोरडे टिचके, मध्येच लांब कुठेतरी एखादं झाड पडल्याचा आवाज, त्यामुळे वारा असेल तेव्हा जाऊ नये, खरंच जाऊ नये. पण खाली ऊन पोचलंय. जिथे सुयांशिवाय काही नव्हतं तिथे रास्पबेरी, ब्लूबेरी, गुलाबी विलोहर्बचे पट्टे, जांभळ्या घंटांचे फॉक्सग्लव्ह कमरेएवढे, मधमाश्यांचा नुसता कालवा. बर्च माझ्या डोक्याच्या वर गेलेत. रोवन नावाचं झाड आहे, त्याला लाल फळांचे घोस येतात, पाखरं ती खातात आणि बुंध्यांवर बसून बिया टाकतात, म्हणजे मेलेली झाडं उभी आहेत म्हणून पाखरांना बसायला जागा आहे आणि म्हणून नवीन झाडं आहेत. आणि आडव्या पडलेल्या एका स्प्रूसच्या पाठीवर, ओल्या कुजक्या लाकडात, ओळीने बोटाएवढे स्प्रूस उगवले होते. सात-आठ असतील. कुणी लावले नव्हते. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच इथून नाहीसा झालेला लिंक्स, म्हणजे मोठं रानमांजर, २००० पासून परत सोडला, तो आता या डोंगरांत पिल्लं वाढवतो. मला काही दिसला नाही, पण दाट झुडपं वाढली की त्याला हरणं मिळतात एवढं कळलं.

खालच्या उतारांवर जिथे बीचचं बीज यायला जवळपास एकही मोठं झाड उरलेलं नाही, तिथे पार्कवाले स्वतः बीचची रोपं लावतात, गेल्या काही वर्षांत लाखोंनी लावलीत. म्हणजे आजही कुणीतरी कुदळ घेऊन त्याच उतारांवर वाकतंय. आजोबांना हे माहीत असणारच, तिथलेच ते. त्यांना जंगल परत येणार का ही शंका नव्हती असं मला आता वाटतं. त्यांचं जंगल परत येणार नाही, एवढंच ते सांगत होते, आणि ते खरं आहे. आईने लावलेलं झाड आपल्याआधी गेलं हे दुःख, झाड कुठल्या जातीचं होतं यावर कमीजास्त होत नाही. बोर्ड त्याबद्दल काही बोलत नाही. मला वाटतं बोलायला हवं. झाडांच्या नावांशेजारी त्या बायकांबद्दल चार ओळी लिहायला काय हरकत आहे, जागा आहे तेवढी, आणि मी तसं पार्कच्या माहिती केंद्रात लिहून दिलंय.

बाबांना हे पटत नाही. फोनवर आमचा वाद चालू असतो. त्यांचं म्हणणं, निदान एखादा पट्टा तरी वाचवायचा, पाणी घालून, किडकी झाडं वेळेत काढून, लोकांना जुनं जंगल कसं होतं ते बघायला. मी म्हणते एवढ्या डोंगराला पाणी कुठून घालणार. ते म्हणतात, चर आहेत ना तुमच्याकडे तीनशे वर्षांचे. मी म्हणते ते पार्कच्या बाहेर जास्त आहेत आणि झाडांसाठी नाहीत. मग ते विचारतात की बीच मोठा व्हायला किती वर्षं लागतात, मी म्हणते शंभरच्या पुढे, मग ते म्हणतात, बघ. पुढच्या उन्हाळ्यात परत येणार आहेत. या वेळी मी त्यांना आधी थालेला नेणार, बोडेच्या दरीत, तिथे ग्रॅनाइटच्या कड्यांमधून नदी जाते आणि उतारावर बीच, मॅपल, ओक अजून उभे आहेत, ट्रेझेबुर्गपर्यंत दहाएक किलोमीटरची वाट आहे, आईला जमेल तेवढं चालू, नाहीतर ती केबल कारने वर जाईल. तिथे मिश्र जंगल दाखवून मग वरती न्यायचं. आणि बाबा गावातून गारंबीची बी घेऊन येतो म्हणत होते, त्या आजोबांना द्यायला. मी सांगितलं की अहो ते परत भेटतील कशावरून, आणि कागदपत्रांशिवाय विमानातून बी आणायची परवानगी नसते. तर म्हणाले मग फोटो आणतो, मास्तरांच्या डोंगराचा, अकेशियाचा.